बांधावरून दिसलेलं आभाळ

शेवटच्या वर्षाला आम्हाला फोटोग्राफीचा एक प्रकल्प होता. एकच विषय निवडायचा आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याच्यामागं लागायचं. वर्गात कुणी नगरच्या किल्ल्याची तटबंदी घेतली, कुणी कापडबाजार घेतला, एकानं सुप्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार घेतले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आकाश."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आकाशाचं काय?"

"रोजचं," मी म्हटलं. सरांनी वहीत लिहून घेतलं.

मी आकाश का घेतलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांपूर्वी सरांनी आम्हाला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात नेलं होतं. सगळे पांगले. एक म्हातारा बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होता. उजेड छान पडला होता, मी जवळ जाऊन दोन-तीन फोटो काढले. बैल नुकताच विकला गेला होता हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड झाकलं, आणि शेजारचा एक माणूस माझ्यावर ओरडला, "बाई, मानूस रडतंय अन् तुला फोटो सुचतोय व्हय?" आजूबाजूचे पंधरा-वीस लोक वळून बघायला लागले. मी तिथंच फोटो पुसून टाकले, त्यांना दाखवून पुसले. त्यानंतर माणसाकडं कॅमेरा धरायला माझा हात उचलेना. आभाळ काही म्हणत नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

वसतिगृहात माझ्या खोलीत अजून तिघी होत्या. मुली वाईट नव्हत्या. रात्री मोबाईलवर काहीतरी बघून एकदम हसायच्या आणि मला कधी कळायचं नाही की कशाला हसल्या. विचारलं की त्या पुन्हा लावून दाखवायच्या, मग मीही हसायची, पण तोवर हसण्याची वेळ निघून गेलेली असायची. शनिवारी त्या बाहेर जायच्या. मी कॉलेजचा कॅमेरा सही करून घ्यायची आणि पाथर्डीची एसटी धरायची. करंजीचा घाट उतरून तिसगावला उतरलं की तिथून आमचं गाव चार किलोमीटर. कधी जीप मिळायची, नाही तर चालत.

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या जन्माआधीपासून जातात. त्या वर्षी ते सांगलीकडं गेले होते. दारांना कुलपं, अंगणात पाचोळा, आणि गावात राहिलेली म्हातारी माणसं उन्हाला बसलेली. आमच्या घराची किल्ली शेजारच्या अक्काकडं असायची.

अक्का म्हणजे नात्यानं आमची कुणी नाही. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, पोरबाळ नाही. पाठीचं दुखणं लागल्यापासून तिनं कोयता सोडला होता आणि पाच शेळ्या सांभाळून ती राहायची. माझी शाळा बुडू नये म्हणून आईनं मला चौथीपासून तिच्याकडं ठेवलं. दहावीपर्यंत, वर्षातले सहा महिने, मी तिच्या हातचं खाल्लं. माया दाखवणारी बाई नव्हती ती. डोक्यावरून हात फिरवणं वगैरे तिला जमायचं नाही. पण भाकरी टाकताना पहिली माझ्या ताटात यायची, आणि मी जेवल्याशिवाय ती जेवायची नाही.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. डिसेंबरातच त्याचा तळ दिसायला लागतो. त्याच्या बांधावर उभं राहिलं की पश्चिमेला घाटाचे डोंगर आणि खाली सगळा माळ दिसतो: कुसळाचं गवत, तुरळक बाभळी, मातीत खणलेले लांबलांब चर. मी बांधावरचा एक सपाट दगड ठरवून घेतला आणि दर शनिवार-रविवारी त्यावरूनच फोटो काढायचे असं ठरवलं. सरांनी सांगितलं होतं, "खाली बोटभर जमीन ठेव. त्याशिवाय आभाळ केवढं आहे ते कळत नाही." मी ठेवायची.

पहिले काही आठवडे मला आभाळ दिसतच नव्हतं. निळं होतं, एवढंच. ढगाचा एक तुकडासुद्धा नाही. मी त्या निळ्याचेच फोटो काढून नेले. कॉलेजच्या कॅमेऱ्यात आत कुठंतरी धूळ बसलेली होती. एरवी ती कळायची नाही, पण निळ्यावर काळ्या ठिपक्यांसारखी उमटायची, प्रत्येक फोटोत त्याच जागी, वरच्या उजव्या कोपऱ्यात. मी ते ठिपके संगणकावर बसून एकेक करून पुसायची. हळूहळू कळायला लागलं की सकाळी सातचं निळं आणि नऊचं निळं सारखं नसतं, की घाटाकडचं आभाळ दुपारी पांढुरकं पडतं, की घार एका जागी फिरत फिरत वर जाते तेव्हा ती दिसेनाशी होण्याआधी एकदा उन्हात चमकते. माळावरचा चंडोल गाणं म्हणत सरळ वर चढायचा आणि मग दगड टाकावा तसा खाली यायचा. त्याचा धड फोटो मला कधीच मिळाला नाही.

अक्का शेळ्यांमागं गेली की तासन् तास कुणाशी बोलणं नसायचं. कधी कधी रविवारी संध्याकाळी परतीच्या एसटीत कंडक्टरला "नगर" म्हणताना माझा आवाज घोगरा यायचा, तेव्हा लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

अक्का एकदा म्हणाली, "रोज तेच आभाळ. त्यात काय बघतीस?"

"बदलतं की, अक्का."

"बदलतं व्हय," ती म्हणाली, आणि शेळ्यांकडं गेली. मला वाटलं तिला पटलं नाही. नंतर एकदा दुपारी तीच दारात उभी राहून म्हणाली, "आज मासोळीवानी ढग आल्यात बघ. जा की." मी पळत गेले. खवल्याखवल्यांचं आभाळ होतं.

काढलेल्या फोटोंपैकी एक मी कॅमेऱ्यातून माझ्या मोबाईलवर घेऊन दर शनिवारी अण्णांच्या मोबाईलवर पाठवायची. ते दिवसभर उसाच्या फडात, त्यामुळं संध्याकाळी कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, आल्यावर आईचा फोन यायचा. ती माझ्या फोटोत काय बघायची ते ऐकून मला आधी गंमत वाटायची.

"आभाळ आलंय जनू. कडब्यावर ताडपत्री हाय का गं?"

"हाय."

"दगड ठेव चार कोपऱ्याला. अन् खाली ते पिवळं दिसतंय ती हरळी का? एवढ्यात वाळली?"

मी रंग, उजेड, चौकट असं काही सांगायला लागले की ती "व्हय, व्हय" म्हणायची. पण दर शनिवारी वाट बघायची. अण्णांनी सांगितलं, "तुजी आई फोटो मोठा करून करून बघती. घर कुटं दिसतंय का म्हनून." घर बांधाच्या मागं राहायचं. मी कधी तिकडं तोंड करून फोटो काढला नाही. माझं ठरलेलं होतं ना, एकच दगड, एकच दिशा.

मार्चचा पहिला शनिवार होता. सकाळपासून उकडत होतं. दुपारी मी जेवून बांधावर गेले. अक्का शेळ्या घेऊन खालच्या माळाला गेली होती. तीनच्या सुमाराला घाटाच्या मागून एक ढग वर यायला लागला. असा ढग मी त्याआधी पाहिला नव्हता. खालून जांभळट काळा, मधे पिवळसर हिरवा, साचलेल्या पाण्यासारखा, आणि वर ऊन पडून पांढरा लख्ख. तो पुढं सरकत होता तशी त्याची सावली डोंगर गिळत येत होती. वारा पार थांबला. चंडोल गप्प झाले. चार महिने मी बहुतेक कोरंच आभाळ काढत होते, आणि आता हे.

मी फोटो काढायला लागले. हलू नये म्हणून कॅमेरा दगडावर टेकवला. मधे एकदा माझ्या मनात आलं, अक्का खाली आहे. हे मला स्पष्ट आठवतं. मनात आलं, तिला हाक मारावी, नाही तर फोन करावा. बांधाच्या टोकाला जाऊन ओरडलं असतं तर आवाज पोचला असता. पण मग वाटलं, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ती निघालीच असेल. आणि तेवढ्यात ढगाच्या खालच्या कडेतून उजेडाची एक पट्टी निघाली, आणि मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

पहिली गार दगडावर आपटून माझ्या गुडघ्याला लागली. लिंबाएवढी होती. मी कॅमेरा ओढणीत गुंडाळला आणि तलावाच्या सांडव्याच्या भिंतीला चिकटून, डोक्यावर पिशवी धरून बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. आवाज एवढा होता की माझंच रडणं मला ऐकू येत नव्हतं.

थांबलं तेव्हा माळ पांढरा होता. गार वास येत होता, चिरडलेल्या पाल्याचा. मी घसरत घसरत खाली गेले, अक्काला हाका मारत. ती एका चरात सापडली. उघड्या माळावर दुसरा आडोसा नव्हता. पाठीवर घोंगडी, तिच्या पोटाखाली दोन शेळ्या, दोन बाजूला थरथरत उभ्या. पाचवी, काबरी, चराच्या वरच्या काठाला पडलेली होती. अक्काच्या कपाळावरून रक्त येत होतं आणि डावा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता. पळताना गारांवरून पाय सटकून ती हातावर पडली होती.

मी तिला उठवलं. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तू कुटं हुतीस? तुला लागलं न्हाई ना?"

"न्हाई. बांधावर हुते."

तिनं पदर कपाळावरच्या रक्तावर दाबला. मग म्हणाली, "बांधावर. मंग तुला ढग येताना दिसला असंल."

रागानं म्हणाली नाही. एखादी गोष्ट लक्षात यावी तशी म्हणाली. मी मान खाली घातली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिसगावला दवाखान्यात गेलो. कपाळाला चार टाके पडले, हाताला प्लास्टर. परत आलो तेव्हा गावातल्या लिंबाखाली पोपट आणि चिमण्या मरून पडल्या होत्या, आणि राहिलेली म्हातारी माणसं आपापल्या पत्र्यांची भोकं बघत फिरत होती.

आईला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं. ढग कधी दिसला तेही सांगितलं. ती आधी म्हणाली, "तू बरी हाईस नव्हं?" मग म्हणाली, "काल शनिवार हुता. फोटो का न्हाई पाठवलास? आमी फडात जेवायला बसलो हुतो तवा, मोबाईल हाताशीच हुता. मी बघितला असता तर मीच तिला फोन केला असता की."

तिनं साधंच म्हटलं. मी फोन ठेवला आणि कडब्याच्या मागं जाऊन बसले.

मी दहा दिवस कॉलेजला गेले नाही. अक्काचा एक हात गेल्यासारखाच होता. भाकरी, पाणी, शेळ्यांच्या धारा, तिची वेणी, लुगड्याचा काष्टा, सगळं मी करायची. काबरीला आम्ही दोघींनी माळावरच पुरलं. म्हणजे मी खड्डा खणला आणि ती काठावर उभी राहिली. शेळ्या घेऊन मी माळाला जायची. कॅमेरा ट्रंकेत होता. सरांचा फोन आला, कॅमेरा कुठाय म्हणून. मी सांगितलं, घरी अडचण आहे. ते चिडले, मग म्हणाले, "ये जमेल तशी."

रात्री एका खोलीत आम्ही दोघी झोपायचो. तिला हात दुखायचा, झोप लागायची नाही, ते मला श्वासावरून कळायचं. मी जागी आहे हे तिलाही कळत असणार. कुणी बोलायचं नाही. लहानपणी याच खोलीत मी आईच्या आठवणीनं जागी असायची तेव्हाही ती अशीच गप्प असायची. तेव्हा मात्र तिच्या गप्प राहण्यानं मला झोप लागायची.

कॉलेजात गेल्यावर मी फोटो संगणकावर टाकले. सर माझ्या मागं उभे होते. ढगाचा एक फोटो आला आणि ते म्हणाले, "थांब. हा." खुर्ची ओढून बसले. वार्षिक प्रदर्शनात हा मोठा लावायचा, दारासमोरच्या भिंतीवर, असं त्यांनी तिथंच ठरवलं. "फक्त खालची जमीन काप. या एका फोटोत नको ती. काळी पट्टी दिसते नुसती, काही नाही तिच्यात."

ते गेल्यावर मी पट्टी मोठी करून बघितली. तिच्यात पाच-सहा ठिपके होते. मला वाटलं कॅमेऱ्यातली धूळ. पुसायला गेले, आणि हात थांबला. धूळ वरच्या कोपऱ्यात असते. मी आधीचा फोटो उघडला. त्यातही ठिपके होते, जरा डावीकडं. त्याच्या आधीचा, अजून डावीकडं. एक ठिपका उभा होता, बाकीचे आडवे.

कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ टिपून ठेवतो. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत बावीस मिनिटं होती. बावीस मिनिटं ती माझ्या चौकटीत चालत होती, शेळ्यांमागं, गावाच्या दिशेनं नव्हे, अजून खालच्या माळाकडं. तिला ढग दिसलेलाच नव्हता.

मी सरांना जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "तू फोटो काढला नसतास तर गारा थांबल्या असत्या का?"

"हाक मारली असती, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लावायचा की नाही, तू ठरव."

मला ठरवता येईना. शेवटी मी एक प्रत काढून गावी नेली. अक्काचं प्लास्टर निघालं होतं, हात जरा तिरपा बसला होता. ती उंबऱ्यावर बसली होती. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि बोट लावून दाखवलं, "ही तू."

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "एवढीशी?"

"लांबून हाय ना."

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ती बोलेल, आणि मी वाट बघत होते, अगदी शिव्या दिल्या तरी चालणार होत्या. ती बोटानं मोजत होती. "एक, दोन, तीन, चार... काबरी कुटाय?"

"ही. पुढं गेलेली."

"पुढंच पळायची ती," अक्का म्हणाली. तिनं अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला. मग फोटो माझ्याकडं दिला. मी विचारलं, कॉलेजात लावू का. लोक बघतील. सर म्हणतात खालचं कापायचं.

"लाव," ती म्हणाली. "कापू नगं."

प्रदर्शनात फोटो दारासमोर लागला, जमिनीसकट. गुढीपाडव्याला आई-अण्णा परत आले होते, पण अंगात त्राण नव्हतं. नगरपर्यंत कुणी आलं नाही. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून लोकांना बघत होते. लोक यायचे, थांबायचे, मान वर करायचे. सगळ्यांच्या माना वरच. एका पाहुण्यानं मला शोधून काढून विचारलं, शटरचा वेग किती ठेवला होता. मी सांगितलं. खाली कुणी बघितलं नाही, आणि मीही कुणाला दाखवलं नाही. माझ्या खोलीतल्या तिघी आल्या होत्या. एकीनं माझा हात दाबला, "भारी गं," म्हणाली. मी "थँक्यू" म्हटलं. त्या पुढं गेल्या.

तिरप्या हातानं अक्काला धारा काढणं जमेना. उन्हाळ्यात तिचा भाचा आला आणि तिला नेवाशाकडं घेऊन गेला. शेळ्या त्यानं टेम्पोत चढवल्या. मी तेव्हा परीक्षेला होते. फोनवर विचारलं की ती म्हणते, "बरं हाय हितं. कॅनॉलचं पानी हाय." माझं नगरला एका स्टुडिओत काम सुरू झालं. भांड्यांचे, मिक्सरचे, सोफ्यांचे फोटो काढते, पांढऱ्या कापडापुढं.

दिवाळीनंतर आई-अण्णा पुन्हा गेले. आता आमच्या घराची किल्ली माझ्याकडंच असते. एका रविवारी मी गेले होते. अक्काच्या दाराला कुलूप, कडीत कुणीतरी लग्नाची पत्रिका खोचून गेलेलं. बांधावर जाऊन चार फोटो काढले. आभाळ निळं होतं, पाऊस चांगला झाल्यामुळं तलावात या वेळी पाणी होतं. नगरहून आणलेली चपाती-भाजी मी सांडव्याच्या भिंतीवर बसून खाल्ली, डबा तलावात धुतला, आणि पाचची एसटी मिळावी म्हणून तिसगावच्या रस्त्याला लागले.